भिंत की पुतळे? वॉशिंग्टनमधली व्हिएतनाम युद्धाची दोन स्मारकं

व्हिएतनाम युद्धाने अमेरिकेत घराघरांत फूट पाडली होती. त्या युद्धाची दोन स्मारकं वॉशिंग्टनमध्ये अगदी जवळजवळ उभी आहेत.

पहिलं म्हणजे १९८२ ची काळी भिंत. ती रचणारी माया लिन १९८१ मध्ये येल विद्यापीठात शिकणारी २१ वर्षांची मुलगी होती. १,४२१ प्रवेशिकांतून तिचा आराखडा निवडला गेला. जमिनीत उतरत जाणाऱ्या या ग्रॅनाइटवर (दगड आपल्या बंगळुरूकडचा) मृत आणि बेपत्ता अमेरिकी सैनिकांची ५८ हजारांहून अधिक नावं कोरली आहेत. हुद्दा नाही, वर्णानुक्रमही नाही. ज्या क्रमाने माणसं गेली त्या क्रमाने नावं. त्यामुळे एकाच चकमकीत पडलेले सोबती शेजारी येतात. गुळगुळीत दगडात वाचणाऱ्याचा स्वतःचा चेहरा दिसतो. युद्ध योग्य होतं की अयोग्य, यावर भिंत काहीच म्हणत नाही.

हेच अनेकांना खटकलं. काही माजी सैनिकांना ती शरमेची खूण वाटली. तडजोड म्हणून १९८४ मध्ये फ्रेडरिक हार्ट यांचे तीन ब्राँझ सैनिक आले, जवळच झेंडाही. पुतळे सुबक आहेत, थकवा चेहऱ्यांवर नेमका उतरलाय. पण तीन चेहरे ठरले की बाकीचे बाहेर राहतात. सेवा केलेल्या स्त्रियांना १९९३ मध्ये वेगळं शिल्प उभारावं लागलं.

माझा कौल निःसंशय भिंतीला. विरोधकांनाही तिथे आपलं माणूस सापडतं. मात्र मेलेल्या लाखो व्हिएतनामींपैकी एकाचंही नाव दोन्हीकडे नाही.