टायरची हवा दाखवणारं मशीन म्हणून रिकामी टोपणं पाठवली, ४१,२५९ रुपये गेले

वरुड-मोर्शीकडून ज्यांच्या संत्र्याच्या गाड्या वाशीला जातात, त्यांनी हे वाचाच. मोबाईलवर टीपीएमएसची, म्हणजे टायरची हवा दाखवणाऱ्या मशीनची, जाहिरात फिरते आहे. सहा चाकांचे सेन्सर, काचेजवळ ठेवायचा डिस्प्ले, किंमत ७,४९९. त्यातले ४९९ आधी, ७,००० पार्सल हातात आल्यावर. अशा धंद्यात पुढे काय होतं ते सगळ्यांना माहीत असतं, मलाही होतं. तरी का घेतलं ते आधी सांगतो, कारण लोक ‘स्वस्तात मिळालं म्हणून धावला’ म्हणून मोकळे होतात.

माझी चौदा फुटी आयशर आहे, मागे जोडटायर. आतल्या टायरची हवा गेली तरी बाहेरून समजत नाही. शेजारचं टायर एकटं सगळं वजन ओढतं, तापतं आणि फुटतं. डिसेंबर २०२२ मध्ये समृद्धी महामार्ग नागपूर ते शिर्डी सुरू झाला, तेव्हापासून टायर फुटून काय काय झालं ते आपल्याकडे कोणाला सांगायला नको. गाडी माझा पुतण्या चालवतो. त्याच्या जिवासाठी घेतलं. यात माझं काय चुकलं ते कोणी सांगावं.

फोनवरचा माणूस चक्क वऱ्हाडीत बोलला. “काका, समृद्धीवर आता हे सक्तीचं होऊन ऱ्हायलं, नाही त गाडी चढू देत नाही.” साफ खोटं. २०२० मध्ये नियम बदलला तो साडेतीन टनांपर्यंतच्या प्रवासी गाड्यांपुरता: टीपीएमएस आणि पंक्चर दुरुस्तीचं किट असेल तर स्टेपनी नसली तरी चालते. आपल्या मालवाहू गाडीचा त्यात संबंधच नाही. हे मला नंतर कळलं. सक्तीचं म्हणून कोणी काही विकत असेल तर फोन तिथेच ठेवा.

आता ती जागा सांगतो जिथे सगळं उघडं पडायला हवं होतं. सेन्सर बसवायला गाडी पंक्चरच्या दुकानात नेली. पोरानं पहिलं टोपण व्हॉल्ववर फिरवलं आणि म्हणाला, “भाऊ, हवा काऊन नाही सुटली?” खऱ्या सेन्सरच्या आत मधोमध एक बारीक दांडी असते. टोपण आवळताना ती व्हॉल्वची पिन दाबते, क्षणभर फुस्स होतं आणि टायरची हवा सेन्सरपर्यंत पोचते. पिन दाबलीच नाही तर आत किती हवा आहे हे त्याला कळणार कसं? पोरानं बरोबर विचारलं होतं. मी लगेच कंपनीला फोन लावला. उत्तर आलं, “नवीन टेक्नॉलॉजी आहे काका, हवा न सोडता मोजते.” बाहेर तोडणीचे मजूर थांबलेले, क्रेट भरायचे होते, व्यापाऱ्याचे फोन चालू. त्या घाईत कोण उलटतपासणी घेत बसतो?

पुढच्या दोन टायरचे आकडे दिसत होते, मागच्या चारच्या जागी नुसत्या रेघा. कंपनीवाले म्हणाले गाडी लांब आहे, रिपीटर लागेल, २,३६० रुपये. इथेच हे लोक पक्के. लांब गाडीला, ट्रेलरला, ट्रॉलीला मागचा सिग्नल पुढे आणायला रिपीटर खरंच लागतो. ऐंशी टक्के खरं सांगून वीस टक्क्यांत लुटतात. रिपीटर आला, त्यांनी फोनवरून दोन बटणं एकदम दाबून धरायला लावली आणि मागच्या चारही टायरला ९० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) दिसायला लागले. अमरावतीच्या एका इलेक्ट्रॉनिक्सवाल्यानं नंतर दाखवलं, तो दुकानात गिऱ्हाइकाला दाखवायचा डेमो होता.

मार्चमध्ये मृग बहाराची संत्री घेऊन निघालो. पहाटे ९० आणि तापमान २८. कारंजा लाडजवळ चहाला थांबलो तेव्हा ऊन डोक्यावर, टायरला हात लावला तर चटका बसत होता, आणि डिस्प्लेवर तेच ९०, तेच २८. भरलेल्या गाडीचं टायर तापलं की ९० चे १०० च्या वर जायलाच पाहिजेत. आकडा हलत नाही म्हणजे मोजमापच होत नाही. मेहकरच्या अलीकडे मागचं टायर फुटलं, तुकडे लागून शेजारचंही कापलं. पुतण्यानं गाडी सांभाळली म्हणून आज हे लिहितो आहे. दोन टायरचे ३१,४०० झाले. किती संत्री रस्त्यावर गेली ते यात धरलेलंच नाही.

घरी येऊन टोपण फोडलं. आत बटण-सेल, एक बारका लाल दिवा, आणि खाली सपाट प्लॅस्टिक. हवा आत यायला भोकसुद्धा नाही.

मग सुरू झाली दारोदार फिरती. पोलीस ठाण्यात विचारलं, “पार्सल मिळालं ना? मग फसवणूक कसली?” भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ फसवणुकीसाठीच आहे, पण माझा साधा अर्ज घेतला आणि शिक्का मारून दिला. सायबरकडे गेलो तर म्हणाले, ओटीपी दिला का? नाही? मग हा आमचा विषय नाही. ग्राहकाच्या कामासाठी ज्या कचेरीत गेलो तिथे म्हणाले विक्रेत्याचा पूर्ण पत्ता आणा. अहो, पत्ता शोधून आणायचा तर तुम्ही कशाला बसलात? कुरिअरवाला म्हणतो आम्ही फक्त पोचवतो. ऑनलाइन विकणाऱ्यानं आपलं नाव, पत्ता आणि तक्रार अधिकारी दाखवलाच पाहिजे असं २०२० चे ई-कॉमर्स नियम सांगतात. ते दाखवत नाहीत म्हणून त्यांना कोणी विचारत नाही, आणि पत्ता नाही म्हणून मला परत पाठवतात! एका साहेबानं तर “टायर जुने असतील तुमचे” म्हणून हात झटकले. बिल समोर ठेवलं तेव्हा जेवायला उठून गेले.

तरी कोणी अडकलंच तर पैसे गेल्या गेल्या १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा, उशीर करू नका. ग्राहक आयोगात तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते आणि पाच लाखांपर्यंत फी लागत नाही. वकील हजार-दोन हजार मागतील, अर्ज स्वतः लिहिता येतो.

ज्यांना खरंच घ्यायचं आहे त्यांनी ओळखीच्या टायरवाल्याकडून, पक्क्या बिलावर घ्या. कारचे सेन्सर ट्रकला देतात, डब्यावर किती पीएसआयपर्यंत ते पाहा. आपल्याला निदान १५० हवं. बसवल्यावर दुकानातच दहा-पंधरा पीएसआय हवा काढा. बीप वाजला नाही तर सामान परत करा. रबरी व्हॉल्ववर बाहेरचा सेन्सर लावू नका, वजनानं हलून चिरतो, धातूचा व्हॉल्व घ्या. आतल्या टायरला एक्स्टेन्शन लागतं, त्याच्या जोडावर साबणाचं पाणी लावून बुडबुडे पाहा. आणि तापलेल्या टायरचा आकडा वाढला म्हणून हवा काढू नका. हवा भरायची आणि तपासायची ती थंड टायरमध्ये, गेजनं.

ती जाहिरात अजून चालू आहे. नाव बदललं, किंमत ५,९९९ केली. फोटो तोच आहे: निळा डिस्प्ले, सहाही चाकांवर ९०, आणि तापमान २८.