डिकीवर विंग बसवली, नऊ महिने वापरली, आता काढून टाकली

म्हापशाच्या एका एक्सेसरीजच्या दुकानातनं गेल्या चवथीनंतर माझ्या जुन्या होंडा सिटीला मागची मोठी विंग बसवून घेतली, ६,५०० ची विंग आणि फिटिंगचे ८०० वेगळे. कलर मॅचिंग खरंच मस्त, उन्हात बघितलं तरी फरक कळायचा नाही, पोरगा हुशार आहे कामाला. पण मालक म्हणाला "शंभरच्या वर गाडी रोडला चिकटते बघ", ते साफ चुकीचं आहे, असं सांगून विकू नये.

विंग म्हणजे विमानाचा पंख उलटा करून लावलेला, तो गाडीला खाली दाबतो हे खरं, पण स्पीड दुप्पट झाला तर दाब चौपट होतो, म्हणजे १२० ला जो मिळेल त्याचा पाव हिस्साच ६० ला, आणि पर्वरीच्या ट्रॅफिकमध्ये ६० तरी कुठे मिळतात. त्यात माझ्या गाडीची ओढणारी चाकं पुढची, वळणारी पण पुढचीच, मागच्या चाकांच्याही मागे दाबलं तर पुढची बाजू हलकीच होणार ना?

तरी खात्री करायची म्हणून एका रविवारी सकाळी छतावर, काचेवर आणि डिकीवर बोटभर लोकरीचे धागे टेपने चिकटवले, मित्राने बाजूच्या गाडीतनं शूटिंग केलं, ८० ला. छतावरचे धागे ताठ मागे, काचेच्या खालच्या भागातले मात्र गरागरा फिरत होते, काही तर उलटे वर. विंगच्या मधल्या भागाला सरळ वारा पोचतच नव्हता. १९६६ च्या चॅपरल २ई या रेसिंग कारची विंग म्हणूनच उंच खांबांवर होती आणि ते खांब थेट मागच्या सस्पेन्शनला जोडलेले, दाब सरळ चाकांवर. आपल्याकडे डिकीचा पातळ पत्रा.

स्पॉयलर (डिकीच्या कडेला वारा वळवायला लावतात ती पट्टी) सगळेच शोचे असतात असं पण नाही हां. पहिल्या ऑडी टीटीला स्पॉयलर नव्हता, हायस्पीडला मागची बाजू हलकी होऊन ॲक्सिडेंट झाले, मग कंपनीने छोटासा स्पॉयलर लावून दिला. तो टेस्ट करून बनवलेला, हा फक्त दिसायला.

खरा त्रास जूनमध्ये. पत्र्याला पाडलेल्या चार होलांतनं पाणी झिरपून स्टेपनीच्या खड्ड्यात दोन बोटं पाणी, जॅक गंजला, कार्पेटला कुबट वास. दुकानात गेलो तर सिलिकॉन भरायचे परत पैसे मागितले. विंग काढली, होलांवर सध्या टेप आहे, पाऊस कमी झाला की टिंकरकडे नेऊन पत्रा वेल्ड करून घेणार.