गॉटमन, ईएफटी आणि घरातलं जुनं ऑक्सिमीटर: जोडप्याच्या काउन्सेलिंगचा वर्षभराचा अनुभव

पॅकेजमधल्या उरलेल्या सेशन्सचे पैसे परत मिळणार नाहीत, असा मेसेज सेंटरकडून आला आणि मी हे लिहायला बसले. नवरा-बायको मिळून काउन्सेलिंगला जायचं असं ज्यांच्या मनात आहे, त्यांनी गॉटमन, ईएफटी (इमोशनली फोकस्ड थेरपी), इमागो ही पद्धतींची नावं नेटवर वाचलेली असतातच. म्हणून अगदी पहिल्यापासून सांगत नाही. बेळगावच्या वडगावातल्या एकत्र घरात, सासू-सासऱ्यांसोबत राहून, दोघांच्या कमाईतून पैसे बाजूला काढून हे सगळं करायचं म्हटल्यावर त्यातलं काय टिकलं, तेवढं लिहिते.

आधी पैशांचं. बेळगावातल्या त्या सेंटरमध्ये एका सेशनला दीड हजार, पॅकेज घेतलं तर बाराशे. मी सौहार्द सोसायटीत कामाला आहे, दिवसभर लोकांच्या ठेवींचे हिशेब बघते. तीनशे रुपये वाचतात म्हटल्यावर पॅकेज घेतलं. निम्मं संपायच्या आत आमच्या काउन्सेलर मॅडम सेंटर सोडून गेल्या. त्यांच्या जागी आलेल्यांनी आमची फाइल उघडूनसुद्धा पाहिली नव्हती. लग्नाला किती वर्षं झाली, मुलं किती, इथून पुन्हा सुरुवात. आणि सल्ला काय, तर आठवड्यातून एकदा दोघंच बाहेर जेवायला जा. पैसे परत मागितले तर पावतीच्या मागची बारीक अक्षरं दाखवली. मी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला फी लागत नाही, तेव्हा गरज पडली तर तिथेही जाईन. तुम्ही पैसे भरलेत तर पावती आणि व्हॉट्सअ‍ॅपवरचं बोलणं जपून ठेवा. आपण ज्यांच्याकडे बसणार त्यांनीच सेंटर सोडलं तर काय, हे लिहून घेतल्याशिवाय आगाऊ रक्कम देऊ नका.

माझा राग सेंटरवर आहे. त्या मॅडमनी जे दिलं त्याबद्दल मात्र मी चांगलंच बोलेन.

त्यांची पद्धत गॉटमनची. टीका, तुच्छतेनं बोलणं, फक्त स्वतःचा बचाव करणं आणि भिंतीसारखं गप्प होणं, हे चार धोके त्यांनी पहिल्याच दिवशी समजावले. चारही आमच्याकडे होते, आणि त्यांची नावं कळून आमच्यात फार काही बदललं नाही. बदललं ते ऑक्सिमीटरमुळे. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, २०२१ मध्ये, दुकानांत मिळत नसताना दुप्पट पैसे देऊन घेतलेलं ऑक्सिमीटर कपाटात पडून होतं. मॅडम म्हणाल्या, भांडण तापलं की दोघांनी बोटाला लावा, आणि ऑक्सिजनचा आकडा सोडून फक्त नाडीचा बघा. शंभरच्या वर गेली की बोलणं थांबवा आणि कमीत कमी वीस मिनिटं वेगळे व्हा. नाडी इतकी चढलेली असताना समोरच्याचं बोलणं नीट डोक्यात शिरत नाही, आणि शरीर खाली यायला तेवढा वेळ घेतंच.

यामागे खरोखरचे प्रयोग आहेत. जॉन गॉटमन आणि रॉबर्ट लेव्हनसन यांनी जोडप्यांना यंत्रं लावून भांडायला बसवलं होतं आणि त्यांच्या नाडीच्या, घामाच्या नोंदी घेतल्या होत्या. पुढे १९८६ मध्ये सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात गॉटमन यांनी त्यासाठी एक फ्लॅटच उभा केला. एका प्रयोगात त्यांनी यंत्र दुरुस्त करायचंय असं सांगून भांडण मध्येच थांबवलं आणि जोडप्याला अर्धा तास मासिकं चाळायला लावली. परत बोलायला बसल्यावर नाडी उतरलेली होती आणि बोलणंही सुधारलेलं होतं.

आता आमच्याकडे काय झालं ते सांगते. आमच्या ह्यांचा उद्यमबागेत मशीनिंगचा छोटा कारखाना आहे. गेजवर आकडा दिसल्याशिवाय त्यांना काही पटत नाही. एका रात्री शाळेवरून विषय निघाला. मी चढ्या आवाजात बोलत होते आणि ते नेहमीसारखे टीव्हीकडे बघत बसले होते.

"तुम्हाला काही वाटतच नाही का?"

"मी शांतच आहे की. ओरडतीयस तू."

मी ऑक्सिमीटर आणून त्यांच्या बोटाला लावलं. आकडा थोडा वेळ वरखाली झाला आणि ११८ वर थांबला. मग माझ्या बोटाला लावलं. ९४.

त्या ११८ कडे आम्ही दोघंही बघत राहिलो. इतकी वर्षं मी धरून चालले होते की त्यांना फरक पडत नाही म्हणून ते गप्प बसतात. ओरडणारी मी शंभरच्या खाली आणि गप्प बसलेले ते ११८ वर! पुढच्या वेळी मॅडमना सांगितलं तेव्हा त्यांना नवल वाटलं नाही. गॉटमन यांच्या अभ्यासात असं भिंतीसारखं गप्प होणाऱ्यांत बहुतांश पुरुषच होते आणि वरून थंड दिसणाऱ्या त्या माणसांची नाडी आतून धावत होती. पुस्तकात हे वाचलं असतं तर मी मान डोलावून विसरून गेले असते. स्वतःच्या नवऱ्याच्या बोटावर ११८ दिसल्यावर विसरता येत नाही. सगळ्या खर्चातली सगळ्यात मोलाची गोष्ट कोणती असं कुणी विचारलं तर मी हे ऑक्सिमीटरच सांगेन, आणि ते तर घरातच पडून होतं. (सेल बदलून घ्या. हात गार असतील किंवा बोटाला नेलपेंट असेल तर आकडा नीट येत नाही, दुसरं बोट लावा.)

इथवर लिहिताना गॉटमनला पाच तारे द्यायचं ठरवलं होतं. खरं पुढचे दोन महिने आठवले आणि एक तारा काढला.

वीस मिनिटं वेगळं व्हायचं म्हणजे जायचं कुठे? बाहेरच्या खोलीत सासूबाई, मधल्या खोलीत मुलगी झोपलेली, स्वयंपाकघरातून परसात जायचं तर शेजारच्या काकू कट्ट्यावर बसलेल्या. राहिली गच्ची. तिथे हे जायला लागले. सुरुवातीला बरं वाटलं. मग "शंभरच्या वर गेलंय" हे वाक्य ऑक्सिमीटर न लावताच यायला लागलं. वीस मिनिटांचा तास व्हायचा, मग हे खाली येऊन थेट झोपायचे, आणि सकाळी कारखाना. थांबा म्हणणाऱ्यानंच परत येण्याची वेळ सांगायची, आणि एका दिवसाच्या आत तो विषय परत घ्यायचा, हा नियम त्या पद्धतीतच आहे. मॅडमनी तो सांगितलाही होता. पण त्याच सुमारास त्या सेंटर सोडून गेल्या आणि तो पाळतोय की नाही हे बघणारं कुणी राहिलं नाही. यंत्र आकडा दाखवतं, माणसाला परत आणून बसवत नाही.

म्हणून ईएफटीकडे गेलो. कोल्हापूरच्या एक काउन्सेलर, बहुतेक सेशन्स ऑनलाइन. पहिले काही आठवडे मला ते पटलंच नाही. पाऊण तास गेला तरी आम्ही एकाच संध्याकाळच्या दोन मिनिटांवर. "तेव्हा छातीत काय झालं?" "मग तुम्ही काय केलंत?" "त्यांचं तोंड वळलेलं दिसल्यावर तुम्हाला काय वाटलं?" गृहपाठ नाही, यादी नाही, तक्ता नाही. मला वाटायचं, एवढे पैसे देऊन हातात काय येतंय? दर सेशननंतर मी वहीत रक्कम लिहायचे आणि तिच्यापुढे काही लिहायला सापडायचं नाही.

ही पद्धत सू जॉन्सन आणि लेस्ली ग्रीनबर्ग यांनी कॅनडात बसवली, पहिला अभ्यास १९८५ चा. लहान मूल आईपासून दूर झालं की जे करतं, आधी आकांत आणि मग हात टेकून गप्प होणं, तेच मोठी माणसंही जोडीदाराच्या बाबतीत करतात, हा जॉन बोल्बी यांच्या सिद्धांतातला धागा त्यात आहे. एक मागे लागतो, दुसरा लांब जातो, तो लांब गेला की पहिला अजून मागे लागतो. आमचं नेमकं तेच चाललं होतं, गच्चीच्या जिन्यापर्यंत.

माझं मत बदललं ते एका सेशनमध्ये. काउन्सेलरनी ह्यांना विचारलं की ११८ होतं तेव्हा मनात कुठलं वाक्य येतं. हे बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "काय केलं तरी मी हिला पुरा पडत नाही. बोललो तर अजून चुकेल, म्हणून उठतो." त्या म्हणाल्या, हे मला नको, त्यांच्याकडे वळून त्यांना सांगा. ह्यांनी मान वळवून तेच माझ्याकडे बघून सांगितलं. मी जे ऐकलं ते याआधी कधी ऐकलं नव्हतं, आणि मी ओरडत राहिले असते तर पुढेही कधी कानावर आलं नसतं. तेव्हापासून गच्चीवर जाताना ते "साडेदहाला येतो" असं सांगून जातात. बहुतेक वेळा येतात. नाही आले तर मी वर जात नाही, सकाळी चहाच्या वेळी विषय काढते. वहीत त्या सेशनपुढे मी मग लिहिलं.

शाळेचं सांगायलाच हवं, कारण ते सांगितल्याशिवाय बेळगावातल्या घराची गोष्ट पुरी होत नाही. मुलीला मराठी माध्यम की इंग्रजी, यावर आम्ही दोन वर्षं भांडतोय. गॉटमन यांच्या अभ्यासानुसार जोडप्यांमधले ६९ टक्के वाद कायमचे असतात. ते मिटत नाहीत, त्यांच्यासोबत राहायला शिकावं लागतं. जाण्याआधीच्या शेवटच्या सेशनमध्ये मॅडमनी आम्हाला एकमेकांना प्रश्न विचारायला लावले: ही गोष्ट तुला एवढी महत्त्वाची का? यामागे लहानपणचं काही आहे का? ती झाली नाही तर कसली भीती वाटते? वाद घालायचा नाही, फक्त विचारायचं आणि ऐकायचं.

ह्यांनी सांगितलं ते मला माहीत नव्हतं. १९८६ च्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनात सासऱ्यांवर लाठ्या पडल्या होत्या, एवढं घरात सगळ्यांना ठाऊक. हे तेव्हा पाच वर्षांचे. आई दिव्याच्या उजेडात वडिलांच्या मनगटाला हळद-चुना लावतेय आणि वडील आवाज न करता रडताहेत, हे त्यांनी दाराआडून बघितलं होतं. नात इंग्रजी शाळेत गेली तर त्या रात्रीला काय अर्थ उरला, असं त्यांना वाटतं. माझंही तसंच निघालं. खानापूर तालुक्यातल्या मराठी शाळेत दहावीपर्यंत शिकून मी बेळगावात कॉलेजला आले, आणि पहिलं वर्षभर वर्गात कळत असूनही तोंड उघडलं नाही. नंतर नोकऱ्यांना कन्नड हवं, इंग्रजी हवं. माझ्या मुलीनं मागच्या बाकावर गप्प बसू नये, एवढंच मला हवं आहे. दोघांनाही मुलीच्या गप्प बसण्याचीच भीती वाटत होती, आणि दोन वर्षं आम्ही एकमेकांना 'हट्टी' म्हणत होतो.

बाकीच्या पद्धतींबद्दल थोडंच. इमागोचा संवाद, म्हणजे समोरच्याचं वाक्य आपल्या तोंडून परत सांगायचं आणि "अजून काही?" विचारायचं, आम्ही घरी करून बघितला. रविवारी दुपारी निवांत बसल्यावर चालतो, भांडणाच्या वेळी आमच्याच्यानं झाला नाही. निपाणीच्या माझ्या मैत्रिणीनं वर्तनावर भर देणारी, स्वीकार आणि बदल दोन्ही धरणारी पद्धत घेतली, आणि तिचं चांगलं चाललंय. अँड्र्यू ख्रिस्टेन्सन आणि नील जेकबसन यांची ही पद्धत अमेरिकेत १३४ जोडप्यांवर जुन्या वर्तन-पद्धतीशी तुलना करून तपासली गेली. ही जोडपी बरीच वर्षं त्रासात असलेलीच निवडली होती. पाच वर्षांनंतर दोन्ही गटांतली साधारण निम्मी जोडपी चांगली सुधारलेली होती, सुमारे चौथा हिस्सा वेगळी झाली होती, आणि दोन पद्धतींत फार फरक उरला नव्हता. म्हणून नावावर फार जाऊ नका. घटस्फोटाचं भाकीत ९० टक्क्यांहून अचूक, असा आकडा गॉटमनच्या नावावर सांगितला जातो, तो ऐकूनही पैसे भरू नका. कोण वेगळं झालं हे कळल्यानंतर जुळवलेलं ते सूत्र होतं, असा आक्षेप संशोधकांनीच घेतलाय. त्यापेक्षा पहिल्या फोनवर विचारा: आमचं भांडण सेशनमध्येच पेटलं तर तुम्ही काय करता? याचं नीट उत्तर देणारा माणूस शोधा. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवत असतील तर रिहॅबिलिटेशन कौन्सिलचा नोंदणी क्रमांक विचारा, सांगायला अडचण नसावी.

कोल्हापूरला समोरासमोर जायचं असेल तर हिशेब असा. जून २०२३ पासून कर्नाटकच्या शक्ती योजनेत बायकांना राज्यातल्या साध्या बसला तिकीट नाही, म्हणजे निपाणीपर्यंत मी फुकट, पुढे तिकीट. ह्यांना पूर्ण भाडं. आणि सीमाप्रश्न तापला की सेशन गेलं असं समजा. फेब्रुवारी २०२५ मध्ये दोन्हीकडच्या बस थांबल्या होत्या. फोनवर ऑनलाइनची सोय आधीच ठरवून ठेवा. पैसेच नसतील तर धारवाडला डिमहान्स ही मानसिक आरोग्याची सरकारी संस्था आहे, बेंगळूरच्या निमहान्स या तशाच संस्थेत कुटुंबांसाठी स्वतंत्र केंद्र आहे, आणि १४४१६ वर टेलिमानस या सरकारी हेल्पलाइनशी फुकट बोलता येतं.

आणि घरात मारहाण होत असेल तर यातलं काहीच करू नका. सेशनमध्ये खरं बोलल्याचा सूड घरी निघतो. आधी १८१ या महिला हेल्पलाइनला फोन करा, स्वतःपुरती मदत घ्या, दोघांनी मिळून बसायचं नंतर बघता येईल.

आमचं आता महिन्यातून एक सेशन चालू आहे. शाळेचं ठरलेलं नाही. गेल्या शनिवारी दोघंही एक मराठी आणि एक इंग्रजी शाळा बघून आलो. मराठी शाळेतल्या बाईंना मी विचारलं, वर्गात मुलं प्रश्न विचारतात का. इंग्रजी शाळेत ह्यांनी विचारलं, मराठी शिकवायला कोण आहे. येताना मुलीला विचारलं तर तिला मराठी शाळेतली घसरगुंडी आवडली होती. सासऱ्यांना अजून काही सांगितलेलं नाही. ते आमचे हेच सांगणार आहेत, आणि मी सोबत बसणार आहे.