क्लोरथॅलिडोन आणि पोटॅशियम सायट्रेट: मुतखड्यासाठी वर्षभर घेतल्यावर

क्लोरथॅलिडोन ही मूळची रक्तदाबाची गोळी. मला रक्तदाब नाही. मुतखडा दुसऱ्यांदा झाला तेव्हा डॉक्टरांनी २४ तासांची लघवी साठवून तपासायला लावली. तिच्यात कॅल्शियम ३४० मिलिग्रॅम निघालं, पुरुषांत ते ३०० च्या आत हवं. थायझाइड या लघवी वाढवणाऱ्या औषधांसारखी ही गोळी घेतली की मूत्रपिंड कॅल्शियम लघवीत न सोडता रक्तात परत घेतं. २५ मिलिग्रॅमची एक गोळी सकाळी आणि जोडीला पोटॅशियम सायट्रेटचं सिरप, असं सुरू झालं. वर्ष होत आलंय. लघवीतलं कॅल्शियम २१० वर आलं, सोनोग्राफीत नवा खडा नाही.

आता दुष्परिणामांबद्दल, आणि त्यातही हार्मोन्सबद्दल, कारण सगळी कुजबुज तिथेच असते. पहिल्या काही महिन्यांत माझी इच्छा कमी झाली, ताठरताही पूर्वीसारखी राहिली नाही. हे उघड लिहितोय, कारण पुरुष हे डॉक्टरांनाही सांगत नाहीत, गुपचूप गोळी सोडतात आणि खडा परत होतो. ओळखीच्या एकाने ‘या गोळीने पुरुषी हार्मोन संपतं’ असं छातीठोक सांगितलं होतं. डॉक्टरांनी सकाळी टेस्टोस्टेरॉन तपासलं, ते व्यवस्थित होतं. तक्रार मात्र खरी असू शकते, असं तेही म्हणाले. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी चाचणीत रक्तदाबासाठी क्लोरथॅलिडोन घेणाऱ्या पुरुषांपैकी सुमारे १७ टक्क्यांना दोन वर्षांनी ताठरतेची अडचण होती, औषध नसलेली, नुसती दिखाव्याची गोळी घेणाऱ्यांत ८ टक्क्यांना. चार वर्षांनी तो फरक जवळपास उरला नव्हता. माझा डोस १२.५ वर आणला आणि हळूहळू फरक पडला.

ज्या हार्मोनकडे खरं लक्ष हवं, ते इन्सुलिन. माझ्या पोटऱ्यांत रात्री गोळे यायला लागले म्हणून रक्त तपासलं, तर पोटॅशियम ३.२. ही गोळी लघवीवाटे पोटॅशियम घालवते, आणि ते कमी झालं की स्वादुपिंडातून इन्सुलिन नीट सुटत नाही, साखर चढते. तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा ५.६ वरून ६ वर गेला होता. घरी आईला मधुमेह आहे, त्यामुळे मी धास्तावलो. सायट्रेटचं प्रमाण वाढवलं आणि मीठ खरोखर कमी केलं. मीठ जास्त असेल तर लघवीतून कॅल्शियम पुन्हा जास्त जायला लागतं, गोळीचा उपयोग मारला जातो, वर पोटॅशियमही जास्त वाहून जातं. जळगावच्या उन्हाळ्यात पापड-लोणच्याशिवाय ताट अपुरं वाटतं, पण सोडलं. पोटॅशियम कमी झालं की लघवीतलं सायट्रेटही घटतं, आणि खडा रोखतं तेच सायट्रेट. म्हणजे सिरप चवीला नकोसं वाटलं तरी ते टाळून नुसती गोळी घेण्यात अर्थ नाही. आता पोटॅशियम ४.१ आणि तो साखरेचा आकडा ५.७.

तिसरं पॅराथायरॉइड. मानेतल्या या ग्रंथी जास्त काम करत असतील तर रक्तातलं कॅल्शियम वाढतं आणि मुतखडे होतात. अशा माणसाला ही गोळी दिली की कॅल्शियम आणखी चढतं आणि दडलेला आजार उघडा पडतो. म्हणून गोळी सुरू करण्याआधी रक्तातलं कॅल्शियम, आणि ते वरच्या बाजूला असेल तर पॅराथायरॉइड हार्मोन, तपासून घ्यायचा आग्रह धरा. माझं आधी तपासलं होतं, त्यामुळे पुढे कॅल्शियम किंचित वाढलं तरी घाबरायचं कारण नव्हतं. व्हिटॅमिन डीच्या गोळ्या घेत असाल तर तेही डॉक्टरांना सांगा, दोन्ही मिळून कॅल्शियम वाढवतात.

आणखी एक गोष्ट, जी मला आधी कुणी सांगायला हवी होती. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या स्वित्झर्लंडमधल्या ४१६ रुग्णांच्या चाचणीत हायड्रोक्लोरोथायझाइड या जवळच्या औषधाने खडे परत होण्याचं प्रमाण लक्षणीय कमी झालं नाही. मधुमेह नव्याने होणं, पोटॅशियम घटणं आणि गाउट (सांधे सुजून दुखण्याचा आजार) मात्र औषध घेणाऱ्यांत जास्त दिसलं. म्हणून ‘मुतखडा झाला, घ्या थायझाइड’ हे मला पटत नाही. माझ्या लघवीत कॅल्शियम खरंच जास्त होतं, म्हणून मी १२.५ वर चालू ठेवतोय. पुढच्या महिन्यात २४ तासांची लघवी पुन्हा द्यायची आहे. अर्ध्या डोसवरही कॅल्शियम खालीच राहिलं, तर डोस वाढवायचा नाही असं डॉक्टरांशी ठरलंय.