कॅलिपर पिनचे रबर आणि नाना पेठेचा बाजार

मला हवी असलेली वस्तू करंगळीच्या दोन पेरांएवढी होती: काळ्या रबराची, घड्याघड्यांची, दोन्ही टोकांना कडा असलेली एक पोकळ नळी. पुस्तकी भाषेत तिला कॅलिपर गाइड पिनचे डस्ट बूट म्हणतात आणि गॅरेजमध्ये नुसते ‘पिनचे रबर’. कॅलिपर म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाकाबरोबर फिरणारी डिस्क दोन पॅडमध्ये आवळून धरणारा भाग, तो ज्या पिनांवर सरकतो त्यांना धूळपाण्यापासून जपणारे हे रबर. पुढच्या दोन चाकांना मिळून अशी चार रबरे लागतात. माझ्या बारा वर्षांच्या हॅचबॅकसाठी ती मिळवायला मला तीन आठवडे लागले आणि अखेर ती जिथे मिळाली त्या पुण्याच्या नाना पेठेतील बाजाराविषयी मी हे लिहीत आहे. हे परीक्षण एका दुकानाचे नाही. दोन फेऱ्यांत मी सहा काउंटरांवर उभी राहिले आणि तीन ठिकाणी खरेदी केली. गाडीचे नाव मुद्दाम लिहिलेले नाही, कारण ही तक्रार ओळखीच्यांत सांगितली तेव्हा निरनिराळ्या कंपन्यांच्या गाड्या चालवणाऱ्या प्रत्येकाकडे तिची स्वतःची आवृत्ती तयार होती.

जुलैत सिंहगडावरून उतरताना करपल्याचा वास आला, तो मी आधी उताराच्या माथी मारला. गोळेवाडीच्या नाक्याजवळ थांबून पाहिले तर डावे पुढचे चाक इतके तापलेले होते की रिमजवळ हात नेववत नव्हता आणि उजवे मात्र जेमतेम कोमट होते. दुसऱ्या दिवशी आमच्या मेकॅनिकने चाक उतरवले तेव्हा कारण समोरच दिसले: आतला पॅड घासून जवळजवळ पत्र्याला टेकला होता, बाहेरच्या पॅडचा निम्म्याहून अधिक थर शिल्लक होता, कॅलिपरची खालची पिन गंजून जागीच अडकली होती आणि तिच्यावरचे रबर एका घडीत आरपार चिरलेले होते.

बहुतेक छोट्या गाड्यांच्या पुढच्या चाकांना सरकता कॅलिपर असतो. त्यात पिस्टन फक्त आतल्या बाजूला असतो. तो आतला पॅड डिस्कवर दाबतो आणि त्या दाबाच्या प्रतिक्रियेने संपूर्ण कॅलिपर दोन पिनांवरून सरकून बाहेरचा पॅड डिस्ककडे ओढून घेतो. पिना मोकळ्या असतील तरच हे काम दोन्ही बाजूंना सारखे वाटले जाते. रबर फाटले की पावसाचे पाणी आणि धूळ आत शिरते, ग्रीस धुऊन जाते, पिन गंजते आणि मग ब्रेकवरचा पाय काढल्यावरही पॅड डिस्कला घासत राहतो. सारांश असा की, दोन डबे दुधाच्या किमतीचे रबर वेळेवर बदलले नाही म्हणून पॅडची जोडी गेली, डिस्कवर चर पडले आणि पेट्रोलही जास्त जळाले.

पहिल्या अधिकृत सेवा केंद्रात सल्लागाराने चेसिस नंबर संगणकात टाकला आणि मान वर न करताच सांगितले, “रबर वेगळं येत नाही मॅडम, असेंब्लीच घ्यावी लागेल.” असेंब्ली म्हणजे एका चाकाचा अख्खा कॅलिपर, किंमत सहा हजार चारशे रुपये, मजुरी निराळी आणि शक्यतो दोन्ही बाजूंचे बदलून घ्या असा आग्रह. पूर्ण कॅलिपर बदलणे हे दर वेळी चूकच असते असे मी म्हणणार नाही. पिस्टनवर किंवा सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर गंजाचे खड्डे पडले असतील तर तेच शहाणपणाचे. परंतु माझ्या गाडीचे चाक त्या केंद्रात कोणी उतरवलेच नव्हते, त्यामुळे तो सल्ला गाडी पाहून नव्हे तर पडदा पाहून दिलेला होता. दुसऱ्या केंद्रातील काउंटरवरच्या मुलाने निदान पडदा माझ्याकडे वळवला. आकृतीत कॅलिपरचा एकेक भाग सुटा करून दाखवला होता आणि पिनच्या रबरांच्या संचाला स्वतंत्र क्रमांकही होता. पैसे आगाऊ भरले. माल कधी येईल ते सांगता येणार नाही असे कळले आणि अकरा दिवसांनंतर, माझ्या तिसऱ्या फोनवर, ऑर्डर रद्द झाल्याचे सांगण्यात आले. पैसे परत मिळाले. त्या आकृतीचा मोबाइलवर काढलेला फोटो हीच त्या केंद्राकडून मिळालेली एकमेव उपयुक्त गोष्ट.

हे रडगाणे नवे नाही. सुटे भाग आणि दुरुस्तीची तांत्रिक माहिती अधिकृत जाळ्याबाहेर मोकळेपणी मिळू दिली जात नाही, या मुद्द्यावर भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. प्रकरण पुढे अपिलांत गेले. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी एक संकेतस्थळही सुरू केले आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहेच. तक्रारीचे हे मार्ग मोलाचे आहेत. पण चाक जॅकवर असताना माणसाला निकाल नको असतो, रबर हवे असते. ऑनलाइन बाजारात त्याच क्रमांकाचा संच दिसला, मागवला आणि दोन दिवसांनी ‘विक्रेत्याकडे माल उपलब्ध नाही’ असा संदेश आला.

नाना फडणविसांच्या नावाची ही पेठ आज पुणेकरांना गाड्यांच्या सुट्या भागांसाठीच अधिक ठाऊक आहे. अरुंद रस्ते, दुकानाबाहेर टांगलेले टायर आणि मडगार्ड, खोकी उतरवणारे टेम्पो आणि त्यांच्या मधून वाट काढणाऱ्या दुचाक्या. चारचाकी घेऊन जाण्याचा विचारही करू नये. मी पहिल्या खेपेस ती चूक केली आणि माल शोधण्यापेक्षा अधिक वेळ गाडी लावण्यात घालवला. पहिल्या दोन दुकानांत गाडीचे नाव ऐकूनच नकार मिळाला. तिसऱ्या दुकानाने फक्त ब्रेक आणि क्लचचा माल ठेवलेला होता, आणि बाजारात शिरताना हाच भेद आधी ओळखायला हवा होता असे आता वाटते: सगळे काही ठेवणाऱ्या दुकानात पॅड मिळतात, पॅडला धरून ठेवणारी क्लिप मात्र मिळत नाही.

त्या काउंटरवरच्या वयस्क गृहस्थांना मी मोठ्या ऐटीत मोबाइलवरचा भाग-क्रमांक दाखवला. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून तो वाचला, मान डोलावली आणि विचारले, “नंबर ठीक आहे ताई, पण जुना माल आणलाय का?” मी पिशवीतून फाटके रबर काढले. “नुसतं रबर नको, पिन पण दाखवा.” नशिबाने मेकॅनिकने दोन्ही पिना फडक्यात गुंडाळून दिल्या होत्या. त्यांनी त्या शेजारी शेजारी ठेवून दाखवल्या. मला बारा वर्षांत न कळलेली गोष्ट अशी की त्या दोन पिना सारख्या नव्हत्या. एक संपूर्ण गुळगुळीत होती, तर दुसरीच्या टोकाला खाच होती आणि त्या खाचेत रबराची एक बारीक बाही बसलेली होती. यांची अदलाबदल झाली तर कॅलिपर एक तर खडखडतो, नाही तर अडकतो. मग त्यांनी मागच्या कप्प्यातून पुठ्ठ्याचा डबा काढला, नव्या रबराच्या घड्या मोजल्या, ते ताणून आणि दुमडून घडीच्या तळाशी पांढरी रेघ उमटते का ते उजेडात पाहिले आणि त्याची कडा पिनच्या खोबणीत बसवून बोटाने गोल फिरवली. एवढे सगळे झाल्यावरच किंमत सांगितली. चार रबरे आणि एक बाही मिळून एकशे नव्वद रुपये; गंजलेल्या पिनच्या जागी नवी पिन दोनशे दहा. या गृहस्थांनी माझ्यावर दहा मिनिटे खर्च केली आणि त्यात त्यांची कमाई कितीशी झाली असेल, हे मी रस्ताभर मोजत होते.

उरलेल्या किरकोळ वस्तूंनी दुसरी फेरी करायला लावली. कॅलिपर उघडताना एअर काढण्याची, म्हणजे ब्रेक ऑइलमधली हवा बाहेर सोडण्याची, निपल मोडली होती. तिच्यावरची रबरी टोपी बहुतेक गाड्यांवर कधीच हरवलेली असते, त्यामुळे निपलच्या भोकात पाणी साचते आणि ती आट्यांत गंजून बसते. निपला दिसायला सारख्या असल्या तरी त्यांची जाडी आणि आटे वेगवेगळे असतात. पुढच्या शंकूसारख्या टोकाने ऑइल अडवायचे असल्याने ‘बसतेय ना, मग चालेल’ हा हिशेब इथे अजिबात चालत नाही. दुकानदाराने मोडकी निपल आटे मोजण्याच्या पट्टीवर लावून पाहिली आणि नवी दिली, पस्तीस रुपयांना, टोपीसह. ब्रेक ऑइलच्या नळीच्या, म्हणजे होजच्या, बोल्टखाली बसणारी तांब्याची वॉशर्स दहा रुपयांना एक. ती एकदा दाबली गेली की पुन्हा वापरू नयेत, म्हणून मी दोनच्या जागी चार घेतली. पॅडच्या स्टीलच्या क्लिपा मात्र दोन दुकाने फिरूनही सुट्या मिळाल्या नाहीत. तिसऱ्याने नव्या पॅडच्या संचासोबत येणाऱ्या क्लिपा दाखवल्या आणि पॅड घ्यायचेच होते म्हणून विषय मिटला.

आता उणी बाजू. एका दुकानात मला कसलेही नाव, क्रमांक किंवा छापील किंमत नसलेल्या पारदर्शक पिशवीतला संच ‘ओरिजिनलच आहे, फक्त पॅकिंग नाही’ असे सांगून देऊ केला गेला. पिस्टनभोवतीच्या सीलच्या बाबतीत अशा मालाला माझा स्पष्ट नकार राहील. त्या चौकोनी छेदाच्या रबरी कडीवर ऑइलचा दाब तर अडतोच, शिवाय पाय काढल्यावर पिस्टनला किंचित मागे ओढण्याचे कामही तीच करते. बंद खोक्यातला, उत्पादकाचे नाव, महिना आणि वर्ष छापलेला माल मागितला की तो मिळतो; चेन्नईच्या पाडी भागात १९६२ पासून ब्रेक बनवणाऱ्या ब्रेक्स इंडियाचा टीव्हीएस गर्लिंग या नावाचा माल मला दोन काउंटरांवर दिसला. पक्के बिल मात्र प्रत्येक ठिकाणी मागावे लागले आणि एका ठिकाणी ते मागितल्यावर आधी दिलेली सवलत नाहीशी झाली. रबराचा माल परत घेतला जात नाही, हेही आधीच सांगतात, आणि ते मला रास्त वाटते.

ग्रीसबद्दल थोडे अधिक लिहिणे भाग आहे, कारण सगळे शोधून आणलेले रबर इथेच वाया जाऊ शकते. ब्रेकच्या यंत्रणेतील रबर बहुधा ईपीडीएम या कृत्रिम रबराच्या जातीचे असते. त्याला डॉट ३ किंवा डॉट ४ प्रकारचे ब्रेक ऑइल चालते, पण खनिज तेलापासून बनवलेले साधे चाकाचे ग्रीस लागले की ते फुगते आणि लिबलिबीत होते. आमच्या मेकॅनिकने सवयीने पिवळ्या ग्रीसच्या डब्यात बोट घातले होते. “दादा, ते नको, हे वापरा,” म्हणून मी बाजारातूनच आणलेली सिलिकोन ग्रीसची ट्यूब पुढे केली तेव्हा ते हसले, पण वापरली. थरही पातळ हवा. पिनच्या भोकात ग्रीस ठासले की आतली हवा कोंडते आणि पिन पुरती आत बसत नाही. नवी पिन बसवल्यावर त्यांनी कॅलिपर दोन बोटांनी आत-बाहेर सरकवून दाखवला. रबराची घडी मिटत होती आणि उलगडत होती, कुठे अडत नव्हती.

पॅड, रबरे, पिन, निपल, वॉशर्स, ग्रीस आणि मजुरी धरून दोन्ही चाकांचा खर्च असेंब्लीच्या एका चाकाच्या किमतीच्या निम्म्याहूनही कमी झाला. ज्यांच्याकडे विश्वासाचा मेकॅनिक नाही, जुना भाग काढून हातात देणारे कोणी नाही किंवा ज्यांची गाडी वॉरंटीत आहे, त्यांना मी या बाजाराची वाट दाखवणार नाही; नुसता फोटो घेऊन गेलात तर अंदाजाने दिलेला माल घेऊन परताल. ऑक्टोबरअखेर पाऊस सरल्यावर चाके पुन्हा उतरवून पाहिली. आतल्या आणि बाहेरच्या पॅडची जाडी दोन्ही बाजूंना सारखी आहे आणि रबरांच्या आत पाण्याचा थेंब नाही. त्याच वेळी मागच्या डाव्या चाकाच्या ब्रेक ड्रममध्ये ब्रेक शूला मागे ओढणारी एक रिटर्न स्प्रिंग ताणून सैल झालेली आढळली. सेवा केंद्राला फोन केला नाही. स्प्रिंग धुऊन, पुसून पिशवीत ठेवली आहे आणि शनिवारी रिक्षाने नाना पेठेत जायचे आहे.