घरकुल गावठाणात बांधावं की माळावर?

घरकुलाच्या यादीत नाव आलं की नदीकाठच्या गावात पहिला वाद पैशाचा होत नाही, जागेचा होतो. खाली गावठाणात आजोबांची जागा, वर माळावर पूरग्रस्त म्हणून मिळालेला दोन गुंठ्यांचा प्लॉट. पंचगंगेच्या काठावरच्या आमच्या गावात निम्म्या घरांत हा वाद झालाय, आमच्यातही झाला. आम्ही 2023 ला माळावर बांधलं. ज्यानं खाली बांधलं तो चुकला असं मात्र मी म्हणणार नाही, आणि का ते पुढं येईलच.

अनुदान दोन्हीकडं सारखंच. आमच्या वेळी 1 लाख 20 हजार, वर शौचालयाचे 12 हजार आणि रोजगार हमीतून 90 दिवसांची मजुरी. फरक एवढाच, की त्यातलं किती जमिनीत मुरतं.

गावठाणात बरंच मुरतं. 2019 ला कोल्हापूरजवळच्या राजाराम बंधाऱ्यापाशी, जिथं पंचगंगेची पातळी मोजतात, पाणी 55 फुटांवर गेलं, 2021 ला 56 च्याही वर. पहिल्या वेळी आमच्या सोप्यात छातीएवढं होतं. जुनं घर पांढऱ्या मातीच्या भेंड्यांचं, म्हणजे कच्च्या विटांचं. पाण्यात भिंत उभी राहिली, आणि पाणी उतरून ऊन पडल्यावर चौथ्या दिवशी मागच्या बाजूनं बसली. मातीच्या भिंतीचं असंच असतं, ती पुरात कमी आणि पुरानंतर जास्त पडते. तिथं परत बांधायचं म्हणजे जोतं निदान पाच फूट उचलायचं. त्यात आमच्या बोळात ट्रॉली शिरत नाही, वाळू चावडीपुढं उतरून पाटीनं आणायची. गवंड्यानं नुसत्या जोत्याचा खर्च सांगितला तेव्हा आबांनी चंची उघडली आणि उसाच्या बिलाचा विषय काढला.

माळावर दोन-अडीच फुटांवर कठीण मुरूम लागतो आणि ट्रॅक्टर दारात येतो. बांधकामाचा हिशेब तिथंच संपला.

कागदाचं म्हणाल तर दोन्हीकडं थोडंफार दुखणं आहे. गावठाणातल्या जागेचा ग्रामपंचायतीचा उतारा अजून आजोबांच्या नावावर असेल तर चुलते, आत्या, त्यांची मुलं, सगळ्यांच्या संमतीच्या सह्या गोळा करा. आमच्यात एक सही तीन महिने अडली, कारण 12 वर्षांपूर्वीचं पाहुणपणाचं भांडण. माळावरचा प्लॉट एकाच्या नावावर असतो, पण अटी घालून दिलेला. विकायचा, गहाण ठेवायचा तर आधी परवानगी. राहायलाच बांधणाऱ्याला याचा फारसा त्रास नाही.

आता गावठाणाची बाजू, आणि ती जड आहे. घर म्हणजे चार भिंती धरल्या तर माळ जिंकतो. पण दूध संस्था, रेशन दुकान, अंगणवाडी, एसटीचा थांबा, पिठाची गिरणी हे सगळं खालीच. अंगणवाडी साधारण 400 ते 800 वस्तीला एक. माळावर आमची साठ घरं, म्हणजे अडीचशे-तीनशे माणसं. पूर्ण अंगणवाडीच्या निकषात बसत नाही आणि मिनी अंगणवाडी मिळालेली नाही, म्हणून पोरं दीड किलोमीटर खाली जातात. नळाचं पाणी माणशी रोज 55 लिटर धरून योजना होते. कागदावर ठीक आहे. पण एक दुभती म्हैस उन्हाळ्यात तेवढं एकटी पिते, आणि तिला कोणत्या माणशीत धरायचं? पहिल्या उन्हाळ्यात मी मोटरसायकलला दोन कॅन बांधून खालून पाणी आणलंय. पहाटे धारा काढून संस्थेत वेळेत पोचायचं तर साडेपाचलाच निघावं लागतं. चिखली-आंबेवाडी या नदीकाठच्या गावांना 1989 च्या पुरानंतर वर सोनतळीला प्लॉट मिळाले, तरी जुन्या गावात माणसं राहिलीच. लोक त्याला हट्ट म्हणतात. मला तो हट्ट वाटत नाही. रान खाली, म्हस खाली, तर माणूस वर जाऊन करणार काय? आमची आईही हेच म्हणायची, "मी म्हस सोडून कुठं जातो?"

एवढं असून मी वर का गेलो? महापुरामुळं नव्हे. महापुरात अख्खं गाव जातं, सरकार येतं, पाहुणे येतात, निभतं. मला कंटाळा आला तो न आलेल्या पुराचा.

बंधाऱ्यावर 39 फुटांची इशारा पातळी झाली की गावाच्या ग्रुपवर मेसेज सुरू. आमच्या दारात पाणी यायला त्याहून बराच चढ लागतो, पण 2019 नंतर वाट बघायची हिंमत कुणाची? मग फ्रीज दोघांनी उचलून घरातल्या पोटमाळ्यावर, तांदळाची पोती त्याच्यावर, गाद्या, मिक्सर, पोरांची दप्तरं. म्हशी रात्रीच पाहुण्यांकडं. 2020 ला हे केलं, 2022 ला केलं. दोन्ही वेळा पाणी दारापर्यंत आलंच नाही. चार दिवस अंधारात कांदा-भाकरी खाऊन सगळं परत खाली. 2022 ला उतरवताना फ्रीजचा मागचा पाय मोडला. बायकोनं खाली वीट सरकवली आणि एवढंच म्हणाली, "पुढच्या साली ही वीट पण वर घ्या." त्याच आठवड्यात मी घरकुलाच्या अर्जावर माळावरची जागा लिहिली.

तुमचं घर गावठाणातच पण उंच अंगाला असेल, 39 ला सामान हलवावं लागत नसेल, तर मी म्हणेन खालीच बांधा. मागचं परडं, शेजार आणि संस्था सोडून वर येण्यात अर्थ नाही. वर यायचंच असेल तर एकट्यानं येऊ नका. पंधरा-वीस घरं एकदम आली की ग्रामसभेत विषय लावता येतो. आमच्याकडं तसं झाल्यावरच संस्थेची गाडी सकाळी माळावर दूध घ्यायला येऊ लागली. अंगणवाडीचं अजून भिजत पडलंय.

2024 च्या जुलैत नदीनं 43 ची धोका पातळी ओलांडली. आम्ही सामान हलवलं नाही. आमच्या पडवीत चुलत्यांचा फ्रीज होता आणि गोठ्यात त्यांच्या दोन म्हशी. सही अडवली होती ते हेच चुलते. चहा घेताना त्यांनी शेजारचा रिकामा प्लॉट कुणाचा, असं सहज विचारलं.