पाय दाबून दमा बरा करतो म्हणाले आणि आईचा पंप बंद करायला लावला

हे आधीच लिहायला पाहिजे होतं पण घरात सगळ्यांनी अडवलं, उगाच लोकात कशाला म्हणून. आता लिहितोय कारण ज्या खोलीत आमची आई जायची तिथं अजून रोज संध्याकाळी रांग असते आणि त्या रांगेत एक 9 वर्षांचं पोरगं बसतंय, जे आमच्यामुळं तिथं गेलंय. त्याचं पुढं सांगतो.

आम्ही इचलकरंजीचे. आईनं 20-22 वर्षं कांडी मशीनवर (मागासाठी सूत गुंडाळायचं मशीन) काम केलं, म्हणजे दिवसभर सुताची धूळ नाकातोंडात. माग चालतात तिथं खिडकीच्या जाळीवर सुद्धा पांढरा थर बसतो, ज्यांनी बघितलंय त्यांना कळेल. दमा तिला चाळिशीत लागला. डॉक्टरांनी दोन पंप (तोंडातनं औषध ओढायचे इन्हेलर) दिलेले, एक रोज सकाळ-संध्याकाळ घ्यायचा आणि एक दम लागला तरच. कारखान्यांचा गाळप हंगाम सुरू झाला की थंडी आणि धूर एकत्र येतो आणि तिला जास्त व्हायचं, पण पंपावर ती व्यवस्थित होती. बाजार करायची, पालखीबरोबर चालायची. त्रास एकच होता, लोकांचं बोलणं. पंपाची सवय लागते, एकदा लागला की सुटत नाही, शेवटची पायरी आहे ती. हे ऐकून ऐकून तिच्या मनात बसलेलं की आपण काहीतरी वाईट घेतोय. पाय दाबून दमा बरा करतो म्हणणाऱ्या माणसानं बरोबर तिथंच हात घातला.

गेल्या दिवाळीनंतर एका कार्यालयात मोफत शिबिर होतं, फूट रिफ्लेक्सॉलॉजी आणि अ‍ॅक्युप्रेशरचं, म्हणजे तळपायावरचे ठरावीक पॉइंट दाबून आजार बरा करतो म्हणतात ते. आई मैत्रिणींबरोबर गेली. भिंतीवर तळपायाचा मोठा रंगीत चार्ट, त्यात बोटांच्या खालचा जो उंचवटा असतो तिथं फुप्फुस काढलेलं. शिबिर घेणाऱ्या त्या माणसानं लाकडी काडीनं तिथं दाबलं, आई ओरडली, तो म्हणाला बघा मावशी, इथं कफ खडा होऊन बसलाय. आता मला सांगा, 20 वर्षं उभं राहून काम केलेल्या बाईच्या तळव्याला काडीनं जोरात दाबलं तर दुखणार नाही तर काय. मी नंतर माझ्याच पायाला तसं दाबून बघितलं, मलाही दुखलं आणि मला दमा नाही.

30 सिटिंगचं पॅकेज 13,500 आणि घरी वापरायला पायाखालचं व्हायब्रेशन मशीन 14,000. आईनं भिशीचे पैसे घातले, कमी पडले ते मी गूगल पेनं दिले, आणि तेही त्याच्या वैयक्तिक नंबरवर. होय, मीच दिले. तिला बरं वाटेल एवढाच विचार केला. पावतीवर फूट वेलनेस पॅकेज असं लिहिलेलं, दमा हा शब्द कुठंच नाही, आणि एका इंग्रजी फॉर्मवर तिची सही घेतलेली. तो फॉर्म मी दवाखान्यातनं आल्यावर पहिल्यांदा वाचला. त्यात सरळ लिहिलंय की हा वैद्यकीय उपचार नाही.

तिसऱ्या सिटिंगला त्यानं सांगितलं की पंप आणि थेरपी एकत्र चालत नाही, पंपानं पॉइंट बंद होतात. आईनं मला विचारलं, मी त्याला मेसेज केला, त्याचा व्हॉइस मेसेज आला की मावशींना सांगा 21 दिवस पंपाला हात लावायचा नाही.

आणि खरं सांगतो, पहिले 10-12 दिवस आई छान होती. झोप चांगली लागायची, पाय हलके वाटायचे. आम्ही चार लोकांना कौतुकानं सांगितलं. सगळ्यात जास्त फसवलं ते या 10-12 दिवसांनी, म्हणून नीट सांगतो, डॉक्टरांनी मला जसं समजावलं तसं. दम्यात श्वासनळ्या आतनं सुजलेल्या असतात. रोजचा पंप ती सूज दाबून ठेवतो, आणि तो बंद केला म्हणून सूज त्याच दिवशी परत येत नाही, हळूहळू काही दिवसांनी आठवड्यांनी येते. म्हणजे ते चांगले दिवस आधी घेतलेल्या पंपाचे होते आणि श्रेय पायाच्या काडीला मिळालं. मशीनपेक्षा जास्त विश्वास त्या दिवसांनी बसवला.

दुसरी गोष्ट ऑक्सिमीटर. दर सिटिंगच्या आधी तो बोटाला लावायचा, 96. मग अर्धा तास पाय चोळायचा, परत लावायचा, 98. बघा मावशी, ऑक्सिजन वाढला. थंडीतनं गाडीवर आलेला माणूस गार बोटानं 96 दाखवेल आणि अर्धा तास उबेत शांत बसला की 98 दाखवेल, त्याला थेरपी लागत नाही. मुख्य म्हणजे दम्यात नळ्या बऱ्याच आवळल्या तरी ऑक्सिमीटर चांगलाच आकडा दाखवतो, तो खाली येतो तेव्हा उशीर झालेला असतो. दम्याला बघायचं असतं पीक फ्लो मीटर, प्लास्टिकची नळी असते, जोरात फुंकायचं आणि काटा कुठवर जातो ते बघायचं, काहीशे रुपयाला मिळते. आपला चांगल्या दिवसाचा जो आकडा त्याच्या निम्म्याखाली गेला तर थेट दवाखाना गाठायचा. आईचा चांगला आकडा 300 आहे हे मला आता माहीत आहे. तेव्हा आमच्या घरात मीटरच नव्हता.

तिसऱ्या आठवड्यात रात्रीचा खोकला सुरू झाला. मग जिना चढताना थांबायला लागली. मी त्याला फोन केला तर म्हणाला आजार बाहेर पडतोय, हेच तर पाहिजे, आता थांबलात तर सगळं पाण्यात जाईल. म्हणजे बरं वाटलं तरी थेरपीमुळं आणि बिघडलं तरी थेरपीमुळंच. असं कोणी म्हणालं की तिथनं उठा, पैसे गेले तर जाऊदेत.

18 व्या सिटिंगच्या रात्री अडीचला बायकोनं उठवलं. आई स्वयंपाकघरात ओट्याला दोन्ही हात टेकून उभी, खांदे वर जातायत, गळ्याच्या खालची खाच प्रत्येक श्वासाला आत ओढली जातीय, आणि बोलता येत नाही, एक शब्द झाला की श्वास, एक शब्द झाला की श्वास. तिनं पायाकडं बोट दाखवलं. म्हणजे मशीन लावा म्हणत होती. हे मला अजून झोपेत दिसतं. बायकोनं कपाटातनं दम लागल्यावर घ्यायचा पंप काढला, स्पेसर (पंपाला लावायची प्लास्टिकची पोकळ नळी) लावून देत देत रिक्षात घातलं. दवाखान्यात ऑक्सिजन 87, लगेच नेब्युलायझर, स्टेरॉइडचं इंजेक्शन, दोन दिवस आयसीयू आणि तीन दिवस वॉर्ड. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, रोजचा पंप शेवटचा कधी घेतला. आई माझ्याकडं बघायला लागली, मी खाली बघितलं.

त्या पाच दिवसात वॉर्डाबाहेर बसून मी जे मिळेल ते वाचलं. ही पद्धत लोक समजतात तशी हजारो वर्षांची आपली विद्या वगैरे नाही. आत्ताच्या चार्टचं मूळ अमेरिकेत आहे, विल्यम फिट्झजेराल्ड नावाच्या कान-नाक-घशाच्या डॉक्टरनं 1917 च्या सुमाराला अंगाचे दहा उभे पट्टे मांडले आणि 1930 च्या दशकात युनिस इंगहॅम नावाच्या बाईंनी ते तळपायावर आणले. पायातली नस जाते कमरेच्या मणक्यात. श्वासनळीला आवळायला सांगणारी नस डोक्यातनं मानेतनं खाली येते. तळवा आणि फुप्फुस यांना थेट जोडणारं काहीच नाही. आणि कोणी तपासून बघितलं नाही असंही नाही. डेन्मार्कमध्ये दम्याच्या 40 पेशंटवर 10 आठवडे प्रयोग झाला, 2001 साली छापून आला. अर्ध्यांना खरी रिफ्लेक्सॉलॉजी, अर्ध्यांना नुसतं खोटं खोटं पाय दाबणं. फुप्फुसाच्या मोजणीत काही बदल नाही, आणि बरं वाटतंय हे दोन्हीकडच्या लोकांनी सांगितलं. हे वाचून मला आईचं ते पाय हलके वाटणं समजलं. ती खोटं बोलत नव्हती. कोणी अर्धा तास प्रेमानं पाय चोळले, विचारपूस केली तर बरं वाटतंच, आयुष्यभर तिचे पाय कोणी चोळले होते. पण त्यानं नळीची सूज उतरत नाही. 2009 मध्ये एडझार्ड अर्न्स्ट यांनी अशा 18 चाचण्या एकत्र तपासल्या, कुठल्याच आजारावर हे चालतं असा पटण्यासारखा पुरावा मिळाला नाही.

पंपाच्या सवयीचंही विचारून घेतलं. रोजच्या पंपात औषध मायक्रोग्रॅममध्ये असतं आणि ते सरळ नळीत जातं, म्हणून गोळीपेक्षा कितीतरी कमी लागतं. घेऊन झालं की चूळ भरायची. दारूसारखी सवय त्याची लागत नाही, बीपीची गोळी जशी रोज घेतो तसंच. कमी करायचा असेल तर डॉक्टरच कमी करतात, मोजून.

पैसे मागायला गेलो तर म्हणाला मी पंप बंद करा असं म्हटलंच नाही. मी तो व्हॉइस मेसेज तिथंच लाऊडस्पीकरवर लावला, बाहेर सात-आठ लोक बसलेले. मशीनचे 9,000 परत दिले, बाकी नाही. 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार केलीय, आता जिल्हा ग्राहक आयोगात करणार आहे, 5 लाखापर्यंतच्या व्यवहाराला तिथं फी लागत नाही आणि दोन वर्षाच्या आत करावी लागते. ज्यांचं असं झालंय त्यांनी मेसेज, पावत्या, पेमेंटचे स्क्रीनशॉट जपून ठेवा, माझ्याकडं तो एक मेसेज नसता तर 9,000 पण आले नसते. आणि कोणीही औषध बंद करा म्हणालं तर म्हणायचं कागदावर लिहून सही करून द्या. देणार नाही.

आता त्या पोराचं. एक पेशंट आणला की पाच सिटिंग फ्री अशी स्कीम होती. आईनं त्या चांगल्या दिवसात कांडीवरच्या तिच्या जुन्या मैत्रिणीला सांगितलं, तिच्या नातवाला बालदमा आहे. फ्री सिटिंगसाठी नाही सांगितलं हो, पोराचं भलं व्हावं म्हणून. दवाखान्यातनं घरी आल्यावर चौथ्या दिवशी, अजून नीट चालता येत नव्हतं तरी, ती मला घेऊन त्यांच्याकडं गेली. पिशवीत तिचा स्पेसर आणि नवीन मीटर. पोराला म्हणाली, ये रे, फुंक बघू जोरात. त्यानं तीनदा फुंकलं, काटा 110 च्या वर गेला नाही. त्याच्या आज्जीला आकडा कळला नाही, पण फुंकून झाल्यावर पोरगं कसं खोकत खाली बसलं ते तिनं बघितलं. आई तिचा हात धरून एवढंच म्हणाली, मीच पाठवलं गं तुला तिकडं, माझं ऐक, पंप चालू कर.

पोराची आई तयार आहे, दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडं घेऊनही गेली आणि पंप परत सुरू झाला. बाप मात्र अजून संध्याकाळी पोराला तिकडं नेतोय. मी दोनदा जाऊन बोललो. म्हणतो पैसे भरलेत, अजून 11 सिटिंग बाकी आहेत. परवा परत जाणार आहे, या वेळी आईला तो व्हॉइस मेसेज घेऊन बरोबर यायचंय.